'नोंदणीकृत' सेफ्टी डिप्लोमात माझे ३८ हजार गेले

सांगलीतल्या कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं सुपरवायझर आहे. सेफ्टी ऑफिसरची जागा निघणार असं कानावर आलं, म्हणून औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा नोकरी सांभाळून करायचं ठरवलं. विश्रामबागेतल्या एका ऑफिसात चौकशी केली. "दादा, रजा काढायची गरज नाही. गेल्या वर्षीच्या बॅचमध्ये नाव घालते, तीन महिन्यांत सर्टिफिकेट हातात," तिथल्या मॅडम म्हणाल्या. वर्षाचा कोर्स तीन महिन्यांत! तिथंच उठायला हवं होतं. पण मला घाई होती.

३८ हजार भरले. त्यातले वीस हजार बायकोच्या भिशीचे. ऑनलाइन पैसे गेले ते संस्थेच्या नाही, एका माणसाच्या खात्यावर. पावतीवर 'देणगी' लिहिलेलं. विचारलं, तर म्हणे ट्रस्ट आहे, तसंच लिहावं लागतं.

परीक्षेचे प्रश्न आणि उत्तरं एकाच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. सर्टिफिकेट मात्र जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं. वर 'भारत सरकार नोंदणीकृत' आणि 'आयएसओ ९००१'. एचआरच्या साहेबांनी एकच विचारलं, "यावर तंत्र शिक्षण मंडळाचं नाव कुठाय?"

नोंदणी ट्रस्टची असते, कंपनीची असते. कोर्सची मान्यता ही वेगळीच गोष्ट. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या गुणवत्तेचं मानक, त्याचाही अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काही संबंध नाही. सेफ्टी ऑफिसरसाठी राज्याच्या नियमांप्रमाणे शासनमान्य डिप्लोमा लागतो. तो महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाचा असतो, मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतही होतो. हे मी पैसे भरायच्या आधी कुणालाच विचारलं नाही.

घरी बसून शिकणं वाईट नाही. माझी बहीण नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाली. पण त्याच ऑफिसात दूरस्थ बी.टेक.ची पत्रकंही होती, आणि इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीनं द्यायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगीच नाही. विद्यापीठाला दूरस्थ कोर्स फ्रँचायझीवर, म्हणजे खासगी ऑफिसांना चालवायला देता येत नाहीत. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या दूरस्थ कोर्सला मान्यता आहे, ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या वेबसाइटवर बघून घ्या.

ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मला उशीर झाला होता. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तेव्हा हवालदारांनी 'देणगी' या शब्दावर पेन टेकवलं. "ही फी होती, हे कशावरून?" मॅडमचा 'फी मिळाली' एवढाच एक मेसेज फोनमध्ये राहिला होता. त्याची प्रिंट काढून जोडली. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर पुसू नका.