फायर एम्ब्लेम, आले त्या क्रमाने : चौदा महिने खेळल्यानंतर

‘फायर एम्ब्लेम’ ही निन्टेंडोची व्हिडिओ गेम मालिका कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की बहुतेक जण त्यातल्या ‘थ्री हाउसेस’ या भागाचं नाव सांगतात. मीही 2020 मध्ये तिथूनच सुरुवात केली होती. ऐंशीएक तास खेळून गेम संपवला, खूप आवडला, पण एक गोष्ट काही केल्या उमगली नाही. या मालिकेत लढाईत पडलेला माणूस कायमचा जातो, या नियमाबद्दल जुने खेळाडू इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात? माझं तर कुणीच गेलं नव्हतं. चाल चुकली की काळ मागे न्यायचा आणि पुन्हा खेळायचं, एवढंच मी करत होते.

म्हणून जून 2024 मध्ये ठरवलं की 1990 च्या पहिल्या भागापासून, गेम ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, जेवढे हाती लागतील तेवढे खेळायचे. ऑगस्ट 2025 मध्ये ‘एंगेज’ हा 2023 चा भाग संपवला. यातलं निम्मं खेळणं कर्जत लोकलमध्ये झालं. आपली चाल संपल्याशिवाय शत्रू हलत नाही, त्यामुळे स्टेशन आलं की झाकण मिटायचं आणि संध्याकाळी परतताना तिथूनच पुढे खेळायचं. लोकलच्या प्रवासाला याहून सोयीचा खेळ मला अजून सापडलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बुद्धिबळासारखी घरं असलेला पट, एक डाव आपला, एक डाव शत्रूचा. फरक एवढाच की इथल्या प्रत्येक प्याद्याला नाव आहे, चेहरा आहे, कुणाशी मैत्री आहे तर कुणावर राग. आणि ते मेलं तर पुढच्या प्रकरणात त्याची जागा रिकामी राहते.

आधी सामानाबद्दल, कारण या मालिकेत खरी अडचण तिथेच येते. पहिला भाग, ‘शॅडो ड्रॅगन अँड द ब्लेड ऑफ लाइट’, 20 एप्रिल 1990 रोजी फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या गेम यंत्रावर आला तो फक्त जपानमध्ये. इंग्रजीत तो यायला 30 वर्षं लागली. डिसेंबर 2020 मध्ये निन्टेंडोने तो स्विच या नंतरच्या यंत्रावर आणला, किंमत 5.99 डॉलर, आणि 31 मार्च 2021 ला विक्री बंदही केली. मी शेवटच्या आठवड्यात घेऊन ठेवला म्हणून बरं झालं. स्वतःचाच इतिहास असा चार महिने उघडून पुन्हा कुलूपबंद करणं मला अजिबात पटलेलं नाही. ‘अवेकनिंग’ आणि ‘एकोज’ हे पुढचे भाग थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आहेत, आणि त्या यंत्राचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद झालं. त्यामुळे जुना थ्रीडीएस आणि दोन्ही कार्ट्रिज वापरलेल्याच शोधाव्या लागल्या. ज्याच्याकडून घेतला त्याने बॅटरी उत्तम असल्याचं सांगितलं होतं, ती दीड तासात मान टाकायची. शेवटी बदलून घेतली. 2003 चा गेम बॉय अॅडव्हान्सवरचा भाग स्विच ऑनलाइनच्या महागड्या वर्गणीत मिळतो. तो जून 2023 मध्ये तिथे आला. वर्गणी संपली की मात्र तो उघडत नाही.

आता 1990. मार्थ नावाचा राज्य गमावलेला राजपुत्र, सोबत म्हातारा सरदार जेगन, दोन घोडेस्वार, उडत्या घोड्यावरची केडा, एक तिरंदाज. चित्रं ओबडधोबड आहेत, शत्रूची चाल संपता संपत नाही. स्विचवरच्या आवृत्तीत चाल मागे घेण्याची सोय घातलेली आहे, ती मी मुद्दाम वापरली नाही. तिसऱ्या प्रकरणात माझा तिरंदाज गॉर्डिन डोंगरातल्या लुटारूच्या कुऱ्हाडीने गेला. चूक माझीच होती, त्याला एक घर पुढे ठेवलं होतं. मूळ गेममध्ये अशा वेळी खेळाडूसमोर दोनच वाटा असायच्या, त्याच्याविना पुढे जायचं किंवा प्रकरण पहिल्यापासून खेळायचं. मी पुढे गेले. आठवडाभराने वाटेत एक चांगलं धनुष्य हाती लागलं तेव्हा ते कुणाला द्यावं म्हणून यादी उघडली, आणि थोडा वेळ तशीच बघत बसले.

त्याच प्रकरणात नवार नावाचा तलवारबाज शत्रूच्या बाजूने उभा असतो. त्याला आपल्याकडे वळवायचं तर केडाला एकटीने त्याच्याशेजारी नेऊन बोलायला लावायचं. त्याची तलवार एका घावात माणूस आडवा करू शकते, आणि केडाची ताकद तोवर बेताचीच असते. कुणी सांगितलेलं नसताना, निव्वळ अंदाजाने हे करून बघणाऱ्या 1990 च्या जपानी मुलांचं मला फार कौतुक वाटतं. गेमच्या शेवटाकडे ‘ओम’ नावाची काठी मिळते. तीच ती, आपला ओम. ती एका मेलेल्याला एकदाच परत आणते. माझ्या यादीत तोवर सात नावं होती. मी गॉर्डिनला आणलं नाही, दोन घोडेस्वारांतल्या केनला आणलं, आणि ते अजून मनाला टोचतं.

हा खेळ रचणारे शोझो कागा आणि त्यांच्या इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीतल्या मंडळींनी पुढची नऊ वर्षं दर भागात काहीतरी मोडून नवं बांधलं. 1992 चा ‘गाइडेन’ मी मूळ रूपात खेळले नाही, 1994 चा ‘मिस्टरी ऑफ द एम्ब्लेम’ अर्ध्यावर सोडला. पण 1996 चा ‘जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर’ चाहत्यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या आधाराने पूर्ण खेळले, आणि या चौदा महिन्यांतला सगळ्यात मोठा ठेवा तोच. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला, हे आज सगळ्यांना पाठ असलेलं त्रिकूट इथेच पहिल्यांदा आलं. पट इतके अवाढव्य की एका प्रकरणात चार-पाच किल्ले घ्यायचे, एकेका प्रकरणाला माझे चार-चार तास गेले. पैसा प्रत्येकाचा वेगळा. एकाची तलवार दुसऱ्याला थेट देता येत नाही, आधी ती दुकानात विकायची आणि मग दुसऱ्याने विकत घ्यायची. सुरुवातीला याचा वैताग आला. मग लक्षात आलं की प्रेमात पडलेली जोडपी मात्र एकमेकांना पैसे देऊ शकतात. म्हणजे एका कुचकामी वाटणाऱ्या नियमातून घर कसं चालतं ते दाखवलं आहे.

आणि मग मध्यावर जे होतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की गेमचा दुसरा अर्धा भाग पुढच्या पिढीचा आहे. कुणाचं कुणाशी लग्न जमलं त्यावरून मुलांच्या हाती काय येणार हे ठरतं. इथे प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला सेव्ह करता येतं, म्हणजे मृत्यू टाळणं सोपं झालेलं आहे, तरीही हा सगळ्यात जड गेम आहे. कथेनेच जे हिरावून नेलं ते सेव्ह करून परत मिळत नाही.

1999 च्या ‘थ्रासिया 776’ बद्दल जास्त सांगण्याजोगं माझ्याकडे नाही. शत्रूला कैद करून त्याची हत्यारं काढून घेता येतात, आपली माणसं थकतात आणि पुढच्या लढाईत बसून राहतात. कल्पना उत्तम, पण मी नवव्या प्रकरणात थांबले. त्यानंतर कागा बाहेर पडले.

जपानबाहेर या मालिकेची ओळख झाली ती एका वेगळ्याच दारातून. 2001 मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या खेळात मार्थ आणि रॉय दिसले. रॉयचा स्वतःचा ‘बाइंडिंग ब्लेड’ तर तेव्हा जपानमध्येही आला नव्हता, तो मार्च 2002 मध्ये आला आणि इंग्रजीत आलाच नाही. लोकांचं कुतूहल वाढलं आणि 2003 चा ‘ब्लेझिंग ब्लेड’ बाहेर पडला, नुसत्या ‘फायर एम्ब्लेम’ या नावाने. ही रॉयच्या वडिलांची, एलिवुडची गोष्ट. म्हणजे जपानने आधी मुलगा पाहिला, मग बाप. बाकी जगाला बापच भेटला, आणि शेवटी मुलाची चुणूक दिसली की गेम संपतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच भाग सुचवेन. पहिली दहा-अकरा प्रकरणं लिन नावाच्या मुलीसोबत एकेक गोष्ट शिकवत जातात. एक जुनी गंमत इथे आवर्जून सांगते. ‘बाइंडिंग ब्लेड’पासून वार लागण्याची शक्यता पडद्यावर दिसते त्याहून वेगळी असते. आत दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरली जाते. 90 टक्के दिसत असेल तर खरी शक्यता 98 च्या आसपास, 70 दिसत असेल तर सुमारे 82. उलट बाजूनेही तसंच, शत्रूचे 10 टक्के म्हणजे खरे दोनच. 1990 च्या भागात 80 टक्क्यांचा वार तीनदा चुकल्यावर मी जो जळफळाट केला होता, तो इथे का झाला नाही याचं उत्तर हे आहे. शेजारी-शेजारी उभं राहून डाव काढले की माणसं एकमेकांशी बोलू लागतात, पण एका खेळात एकाच्या वाट्याला पाचच संभाषणं येतात. त्यामुळे कुणाला कुणाशेजारी उभं करायचं हे मी लोकलमध्ये डोळे मिटून ठरवत बसायचे.

गेमक्यूब आणि वीवरचे दोन भाग मला मिळाले नाहीत. डीएसवरचा 2010 चा ‘न्यू मिस्टरी’ जपानपुरताच राहिला, पण मालिकेचं वळण तिथे आहे. मेलेले पुढच्या प्रकरणात परत येतील असा ‘कॅज्युअल’ पर्याय पहिल्यांदा त्यात आला. मग 2012 चा ‘अवेकनिंग’. विक्री अडीच लाखांच्या खाली गेली तर मालिका बंद, असं निन्टेंडोकडून कळवलं गेल्याचं निर्माते हितोशी यामागामी यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. हे माहीत असताना खेळलं की त्यातलं सगळं भरभरून का ओतलंय ते कळतं. जुन्या भागांतली लग्नं, मुलं, नकाशावर फिरणं, सगळं एका गेममध्ये. खप दहा लाखांच्या वर गेला आणि मालिका वाचली. लढाया मला सैल वाटल्या. दोघांना एका घरात जोडून पुढे ढकललं की निम्मा पट आपोआप साफ होतो. तरीही या भागाचे उपकार मानायला हवेत.

2015 चा ‘फेट्स’ तीन तुकड्यांत विकला गेला, त्यातला ‘कॉन्क्वेस्ट’ उधार मिळाला तेवढाच खेळले, आणि पटांच्या रचनेत तो सगळ्यांत हुशार आहे. फोनवरच्या ‘हीरोज’ला हात लावला नाही, पात्रं सोडतीतून मिळवण्यात मला रस नाही. 2017 चा ‘एकोज’ म्हणजे ‘गाइडेन’च नव्याने बांधलेला, आणि काळ मागे नेणारं चक्र आपल्या हाती देणारा पहिला भाग. त्याचे फेरे मोजके असतात. मोजके असल्यामुळे मी ते जपून ठेवायचे, आणि बहुतेक वेळा प्रकरण संपलं तरी ते तसेच उरायचे.

एवढं करून मी ‘थ्री हाउसेस’कडे परत आले. 26 जुलै 2019 रोजी आलेला हा गेम मी आधी शाळा म्हणून खेळले होते. मठात चहा, जेवण, मासेमारी, आठवड्याचा अभ्यास. जोडीला आलेल्या ‘सिंडर्ड शॅडोज’ या जादा कथेत बाल्थस नावाच्या पात्राच्या हातात ‘वज्रमुष्टी’ आहे, ते नाव पडद्यावर वाचून यावेळी जास्तच आनंद झाला. पण यावेळी मेलेले परत न येणारा ‘क्लासिक’ पर्याय घेतला आणि ठरवलं की काळ मागे नेणार नाही. शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या तीन घरांपैकी निळ्या सिंहांचं घर निवडलं. ग्रॉन्डरच्या माळावर आधी तीन घरांची मैत्रीची लढत होते, आणि पाच वर्षांनी त्याच माळावर, त्याच मुलांत, खरी. पहिल्यांदा मी हा पट वीस मिनिटांत उरकला होता. यावेळी तीन दिवस लागले.

‘एंगेज’ची कथा पातळ आहे, स्पष्टच सांगते. लढाई मात्र आजवरची सर्वांत नेटकी, त्रिकूट परत आलंय आणि योग्य हत्याराने वार केला की समोरच्याच्या हातून शस्त्र गळून पडतं. अंगठ्यांतून जुने नायक येतात आणि त्यांच्या जुन्या पटांवर लढायला लावतात. मार्थची अंगठी बोलली तेव्हा मला आधी गॉर्डिनच आठवला.

‘थ्री हाउसेस’मध्ये ग्रॉन्डरवर माझा तिरंदाज अॅश गेला. भालाईत त्याच्या पल्ल्यात येतोय हे दिसत होतं, मी मोजायला चुकले. काळ मागे नेण्याचे सगळे फेरे शिल्लक होते. बदलापूर जाईपर्यंत पडदा तसाच उघडा ठेवला, मग पुढची चाल केली. आता स्टेशनं बदलली तरी त्या सेव्हमध्ये तो नाही, आणि मठात धनुर्विद्येच्या मैदानाजवळून जाताना मी अजून थांबते.