देशी बदामाच्या पानांचं पाकीट (१० नग): दोन तारे

ही वाळकी पानं माशांच्या टँकमध्ये टाकतात. दोन तारे पाकिटाला. पानांना मी पाचही दिले असते.

भाच्याने कौतुकाने ऑनलाइन मागवून पाठवलं. पाकिटावर पानांची लांबी १५ ते २० सेंमी छापलीय. आत तीन पानांचा चुरा, आणि दोन तर झाडावरून हिरवी तोडून वाळवलेली दिसली. अशी पानं पाण्यात नको तसा रस सोडतात. आपल्याला हवं ते पिकून, लाल होऊन, आपोआप गळलेलं आणि मग तपकिरी झालेलं पान.

माझ्या दोन फुटी टँकमध्ये जेमतेम पन्नास लिटर पाणी आहे. त्यात ॲपिस्टोग्रामा काकाटुओइडिस, एक नर आणि दोन माद्या. सिक्लिड कुळातले हे बुटके मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, संथ पाण्याच्या तळाशी कुजणाऱ्या पानांच्या थरात वावरणारे. नुसत्या वाळूवर दोघी माद्या दिवसभर एकमेकींवर धावून जातात. मध्ये पानं पसरली की आडोसा होतो आणि जरा शांतता नांदते. गुहेसाठी मी करवंटी वापरतो, कडेला खाच पाडून उपडी ठेवलेली. (सिरॅमिकच्या गुहेला लोक चारशे रुपये मोजतात. मोजोत बापडे.) मादी आत छताला अंडी चिकटवते, हळदीसारखी पिवळी होते आणि मग नरालाही हाकलून लावते. पिल्लं पोहायला लागली की त्याच कुजक्या पानांवरचा बुळबुळीत थर टिपत फिरतात. तेवढ्यावर ती वाढत नाहीत, ताजा उबवलेला आर्टेमिया (कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्लं) लागतोच.

पाकिटावरचे दावे मात्र भारीच: पंखकुज, बुरशी, ताण, सगळ्यावर रामबाण! पानांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जंतूंना थोडाफार आळा बसतो, पण आजारी माशाचं ते औषध नव्हे. ‘पीएच झटपट कमी’ हेही अर्धंच खरं. आमच्याकडचं नळाचं पाणी मऊ, त्यामुळे पीएच किंचित उतरतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात केएच (पीएच घसरू न देणारं कार्बोनेटचं प्रमाण) जास्त असतो, तिथे पाणी चहासारखं दिसेल आणि पीएच जागचा हलणार नाही. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर तो रंगही शोषून घेतो.

ठाण्या-मुंबईत हे झाड रस्तोरस्ती आहे. आमच्या सोसायटीत झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवलंय, त्या चांगली अख्खी पानं बाजूला काढतात. डासांची धुरळणी झाली असेल तर त्या आठवड्यात पानं घेऊ नका, रस्त्याकडेची तर नकोच. नळाखाली चोळून धुवायची, पुन्हा कडक वाळवायची. तरंगत राहिली तर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवा, सकाळी बुडतात. पन्नास लिटरला एक मोठं पान पुरे. तीन-चार आठवड्यांत नुसती जाळी उरते. ती मी काढत नाही, वर नवं पान टाकतो.

माझी चुलत बहीण म्युनिकला असते. तिथे हे झाड उघड्यावर जगत नाही, तिने पाकीट घेणं मी समजू शकतो. तिनेही हे मात्र घेऊ नये, पानं मोजून आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवणारा विक्रेता शोधावा.