दारुड्या नवऱ्यापासून सुटका: संमतीने की क्रूरतेच्या आधारावर?

कापसाचा चुकारा हातात पडला की तो थेट मोहाच्या भट्टीवर, अन् रात्री घरात मारझोड. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणावं, तरी गावोगावी हेच.

हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये व्यसन हे घटस्फोटाचं वेगळं कारण नाही. त्यामुळे वाटा दोन.

कलम 13-ब, परस्पर संमती: वर्षभर वेगळं राहणं, दोघांच्या सह्या, मग सहा महिन्यांची थांबणूक, 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती माफही होऊ शकते. साक्षीपुरावा लागत नाही. पण आज शुद्धीत सही करणारा उद्या पिऊन शब्दावरून फिरला, तर सगळं पाण्यात.

क्रूरतेच्या आधारावर त्याची सही लागत नाही. वेळ मात्र लागतो. नुसतं ‘पितो’ म्हणून भागत नाही, त्या पिण्यानं तुमचं काय झालं ते दाखवावं लागतं. म्हणून ताई, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी, ठाण्यातल्या तक्रारीची प्रत, गहाण टाकलेल्या पोतीची पावती डब्यात जपून ठेवा. शेजारीण साक्षीला आली तर फार मोठा आधार.

मला विचाराल तर मारहाण असेल तिथं दुसरी, क्रूरतेचीच वाट धरा. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो.