जेवणाच्या सहा सागवानी खुर्च्या : फर्मा यंत्राचा, सांधे हाताचे

घरच्या जुन्या सागवानी टेबलाला शोभतील अशा सहा खुर्च्या आम्ही पुण्यातील एका लहान सुतारी कारखान्यातून करून घेतल्या. रोजच्या वापरानंतर हे काम अव्वल दर्जाचे आहे, असे आम्ही निःशंकपणे सांगू शकतो.

एक खुर्ची चांगली करणे वेगळे आणि सहा खुर्च्या एकसारख्या करणे वेगळे. येथे वर जाऊन पाठीचा आधार होणाऱ्या मागच्या पायाचा फर्मा, म्हणजे नेमक्या आकाराचा नमुना, आधी प्लायवूडमध्ये कापला गेला. मग बँडसॉवर (पट्टा-करवतीच्या यंत्रावर) रेषेच्या किंचित बाहेरून कापलेले बाराही पाय त्याच फर्म्यावर बसवून राउटरने (फिरत्या पात्याने कड तासणाऱ्या यंत्राने) नेमके केले गेले, त्यामुळे खुर्च्या ओळीने मांडल्या की पाठींची वळणे तंतोतंत जुळतात. मात्र फळीवर फर्मा कोठे ठेवायचा, हे मिस्त्रींनी दर वेळी लाकडाची नस, म्हणजे तंतूंची दिशा, पाहूनच ठरवले. नस वळणाबरोबर गेली नाही, तर पाय नेमका वळणावर कमकुवत राहतो; म्हणून काही चांगल्या दिसणाऱ्या फळ्याही त्यांनी बाजूला काढल्या, याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते.

खरी कसोटी बैठकीच्या बाजूच्या पट्ट्यांची असते. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्यामुळे ही पट्टी मागच्या पायाला काटकोनात मिळत नाही, आणि माणूस मागे रेलला की बहुतेक ताण याच सांध्यावर येतो. येथे खाचा यंत्रावर पाडल्या होत्या, पण त्यांत बसणारे तिरके कुसवे (पट्टीची खाचेत शिरणारी टोके) पटाशीने कागदाएवढा पातळ छिलका काढत, पुन्हा पुन्हा लावून पाहत जुळवले गेले. गोंद लावण्यापूर्वी नुसत्या जुळणीवर उभी केलेली खुर्चीसुद्धा हलत नव्हती. स्क्रूवर भागवलेल्या खुर्चीत ही घट्टपणाची खात्री मिळत नाही.

उणीव एकच : एका पुढच्या पायात सालीकडचे फिकट लाकूड आले असून ते पॉलिशखाली झाकले गेले आहे. या भागाला कीड लवकर लागते, म्हणून आम्ही पाय बदलून मागितला आणि त्यांनी तो तक्रार न करता मान्य केला.

आमचे टेबल 30 इंच उंच असल्याने बैठक 18 इंचांवर ठेवली आहे. आपल्या टेबलाखाली आडवी पट्टी असेल, तर मांडीला जागा उरण्यासाठी तिच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे माप कारागिराला आधीच द्यावे.