संगीतोपचाराची चाचणी: हेडफोन की उपचारक?

संगीतोपचाराच्या वैद्यकीय चाचणीत भाग घ्यायचा तर ठरलेले ध्वनिमुद्रण घरी ऐकणे, किंवा प्रशिक्षित उपचारकासोबत प्रत्यक्ष सराव करणे, असे दोन पर्याय प्रामुख्याने समोर येतात. पहिला सोयीचा खरा, पण रोज नेमाने ऐकून नोंद ठेवणे वाटते तितके सोपे नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात पक्षाघाताच्या रुग्णांच्या एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली, तर तिसऱ्याला यांपैकी काहीच दिले गेले नाही. शाब्दिक स्मरणशक्ती संगीताच्या गटात अधिक सुधारली. गट चिठ्ठीने ठरावा तसा ठरतो, त्यामुळे आपल्या वाट्याला संगीत न येण्याचीही तयारी हवी.

दुसऱ्या पर्यायात पार्किन्सनच्या (हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या) रुग्णाचे पाऊल ठोक्यावर पडते की अडखळते, हे पाहून उपचारक लय तिथल्या तिथे बदलतो. मात्र गुण तालाचा की माणसाच्या सहवासाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. (औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी दिलेली निष्क्रिय गोळी औषधासारखी दिसू शकते, गाण्याची तशी नक्कल होत नाही.) चालण्याचीच तक्रार असल्यास मी दुसरा पर्याय निवडेन; संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मात्र चालू औषधे तशीच राहतील ना आणि मध्येच बाहेर पडता येईल ना, हे स्पष्ट विचारून घ्यावे.