पुण्यातल्या ताशी जॅमरूम: बँड जमवायचा असेल तर

पुण्यात गिटारवाले पैशाला पासरी. बेसिस्ट (बेस गिटार वाजवणारा) शोधताना दमछाक होते. ड्रमरला फ्लॅटमध्ये वाजवताच येत नाही, त्यामुळे तो सापडतो जॅमरूममध्येच, म्हणजे तासावर भाड्यानं मिळणाऱ्या सरावाच्या खोलीत. म्हणून रूम निवडताना भिंतीवरचा फोम नंतर, आधी ती सांभाळणारा माणूस बघावा. कोणाचा बँड फुटला, कोण मोकळा आहे, कोण वेळ पाळतो, सगळं त्याला ठाऊक असतं. नुसतं ‘ड्रमर आहे का?’ विचारलं तर ‘बघतो’ म्हणेल. गाण्यांचा बाज, वार, वेळ आणि ओरिजिनल (स्वतःची गाणी) की कव्हर (दुसऱ्यांची), हे सांगितलं की नावं निघतात. 2010 साली एनएच7 वीकेंडर हा स्वतंत्र बँडचा महोत्सव इथंच सुरू झाला खरा, पण पबमध्ये आजही कव्हरचीच चलती आहे. हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

सामान साधारण सगळीकडे सारखंच: पाच ड्रमचं किट, दोन गिटार अँप, एक बेस अँप, दोन-तीन माइक, मिक्सर. रडतं ते किट. हाय-हॅटच्या (पायानं मिटणाऱ्या दोन झांजांच्या) क्लचचा, म्हणजे वरची झांज धरणाऱ्या पकडीचा, खालचा नट ढिला असला की वरची झांज ऐन गाण्यात खाली बसते. स्नेअरचं (मधल्या कडक आवाजाच्या ड्रमचं) हेड, म्हणजे वरचा पडदा, खड्डे पडेपर्यंत कोणी बदलत नाही. मुरलेले ड्रमर स्नेअर, झांजा, पेडल आणि ड्रम-की (ड्रम ताणायची चावी) घेऊनच येतात. एक्स्टेंशन बोर्ड दोन पिनांचा दिसला तर बदलून मागा. अर्थिंग तुटलं की अँप गुणगुणतो आणि गाताना माइकचा झटका ओठाला बसू शकतो.

छोट्या खोलीत गायक ऐकू येत नाही म्हणून व्होकल वाढवतात, मग शिट्टी वाजते. माइकची पाठ स्पीकरकडे हवी. गिटार अँप खुर्चीवर ठेवून वादकाच्या कानाकडे तिरका करा, आवाज आपोआप कमी ठेवला जातो. आवाज लावताना आधी ड्रम, मग बेस, मग गायक. गिटार सर्वांत शेवटी, कितीही कुरकुर झाली तरी.

नवा माणूस तपासायला दोन तास घ्या, त्यातली वीस मिनिटं जोडाजोडीत जातातच. तीन गाणी, पट्टी आणि बीपीएमसकट (मिनिटाला किती ठोके), चार दिवस आधी पाठवा. कोपऱ्यात फोनवर रेकॉर्डिंग लावा: कोरस आला की लय पळते का, तेवढं त्यात ऐकायचं.

गणपतीच्या आधीचे आठवडे टाळलेले बरे. संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव असतात, निम्मे वादक तिकडे. ताशावाल्याचा हात खणखणीत असतो, पण पेडलनं वाजवायच्या बास ड्रमवर पाय बसायला महिना-दोन महिने धरा.

ॲडव्हान्स भरण्याआधी एक विचारा: ड्रमर आयत्या वेळी गळाला, तर तारीख बदलून मिळते का?