‘अंगठा उमटत नाही काका, परत ठेवा’

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या पुरात माढा तालुक्यातील आमची नदीकाठची दोन एकर जमीन पार मुरमापर्यंत खरडून गेली. सरकारी मदतीचे हेक्टरी 47,000 रुपयांच्या दराने 0.80 हेक्टरचे 37,600 रुपये दिवाळीनंतर खात्यावर जमा झाले, आणि त्यांतील 30,000 रुपये मी स्वतःच्या अंगठ्याने एका भामट्याच्या हवाली केले. ‘फाइल फी’ म्हणून रोख दिलेले 2,500 रुपये वेगळेच.

खरडलेल्या जमिनीसाठी मनरेगातून हेक्टरी तीन लाख मिळणार, ही घोषणा गावात सर्वांनी ऐकली होती. ते पदरात कसे पडणार, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. नेमकी तीच संधी साधून तो भामटा आला. माझा गट नंबर आणि बाधित क्षेत्र त्याने न विचारता सांगितले, म्हणून मी त्याला तहसीलचा माणूस समजलो. बाधित शेतकऱ्यांची यादी आठवडाभर चावडीवर डकवलेली होती, हे मला नंतर आठवले.

ओसरीवर बसून त्याने ठसा घेण्याचे काडेपेटीएवढे काळे यंत्र मोबाइलला जोडले, आधार क्रमांक घेतला आणि विचारले, ‘‘खाते कोणत्या बँकेत, काका?’’ येथेच मी उठायला हवे होते. ओळख पटवायला आधार आणि ठसा पुरतो. बँकेचे नाव लागते ते आधार आणि ठशावर खात्यातून पैसे काढायला. मी मात्र बँकेचे नाव सांगितले, वर शाखाही सांगितली. ‘‘काम करून रेघा झिजल्यात,’’ असे म्हणत त्याने माझा अंगठा स्वतःच्या रुमालाने पुसला आणि तीनदा ठेवायला लावला. दर ठशाला दहा हजार गेले. बावीस वर्षे सोसायटीचा सचिव म्हणून मी इतरांचे अंगठे घेतले, आणि कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, असे प्रत्येकाला बजावले. पण वाचायला येथे कागदच नव्हता.

खात्याला जोडलेला मोबाइल पुण्यातील मुलाचा असल्याने संदेश त्याला गेले. मीच पैसे काढले असतील असे त्याला वाटले आणि सहा दिवस असेच गेले. तुमचे खाते मुलाच्या नंबरला जोडलेले असेल, तर आजच बदलून घ्या.

बँकेत उत्तर मिळाले, ‘‘ठसा तुमचाच आहे, व्यवहार यशस्वी आहे.’’ पोलीस ठाण्यात आधी बँकेचा उतारा मागितला, तो नेला तेव्हा सायबरकडे जा म्हणाले, तेथून पुन्हा हद्दीच्या ठाण्यात पाठवले. तहसीलमध्ये तर ‘‘आम्ही कोणाला पाठवलेच नव्हते,’’ एवढे बोलून साहेब जेवायला गेले. त्यांनी पाठवले असे मी म्हणतच नव्हतो. त्यांच्या नावावर कोणी फिरत असेल तर गावोगाव दवंडी द्या, एवढेच माझे मागणे होते. चार हेलपाट्यांत 860 रुपये भाडे गेले.

पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात सांगितले होते: ग्राहकाची चूक नसलेली फसवणूक बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवली, तर ग्राहकावर बोजा येऊ नये. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आधारचा अंगठा कुलूपबंद करता येतो, तोही करून ठेवा. रोजगार हमीची मजुरी हजेरीपटावरून मजुराच्या खात्यात जाते, ओसरीवर अंगठा घेऊन ती कोणी आणून देत नाही. हे मला माहीत होते, तरी दोन लाख चाळीस हजारांच्या आकड्यापुढे ते सुचले नाही.

आमच्याच गावातील आणखी चौघांचे असे पैसे गेले आहेत, पण लाजेने कोणी पुढे येत नाही. त्यांनी सोमवारी माझ्याबरोबर ठाण्यात यावे. भाड्याचे मी बघतो.